वेव्ह बोर्ड घेण्याआधी तो उलटा करून पाहा

लाटांवर विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याने पळणं, करायचं मनात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती लिटरचा बोर्ड घेऊ?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. ९० लिटरचे दोन बोर्ड शेजारी ठेवा. एक १६ नॉटच्या (ताशी साधारण ३० किलोमीटरच्या) वाऱ्यात पाण्यावर उठून पळेल, दुसरा त्याच वाऱ्यात पाण्याला चिकटून राहील. लाटेवर गेलात की पारडं फिरतं. पळणारा वळायला मागत नाही आणि चिकटणारा लाटेच्या पोटात शिरून सहज वळतो. लिटर दोघांचे सारखेच. सगळा फरक बुडात, कडेत आणि शेपटीत असतो, आणि दुकानात भिंतीला टेकवलेल्या बोर्डाची रंगीत बाजू बघून तो कळत नाही.

हा लेख वाऱ्यात पाण्यातून वर येणं, म्हणजे वॉटरस्टार्ट, जमायला लागलेल्यांसाठी आहे. हार्नेस (कमरेला बांधून शिडाच्या दांड्याला अडकवायचा पट्टा) अडकवून, पाय बोर्डावरच्या पट्ट्यांत घालून थोडा वेळ तरी वेगात जाता आलं पाहिजे. गोव्यात, मुंबईत किंवा एखाद्या तलावावर लांब-रुंद बोर्डावर शिकलेले पुष्कळ मराठी लोक परदेशी आल्यावर लाटांकडे वळतात. त्यांना मी हेच सांगतो: आधी बोर्ड हाताने वाचायला शिका.

मी पर्थला राहतो. उन्हाळ्यात इथे दुपारी नैऋत्येचा समुद्रवारा सुटतो. तापलेल्या शहराला गारवा देतो म्हणून लोक त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. उत्तरेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर लँसेलिन नावाचं गाव आहे. पांढऱ्या वाळूचा किनारा, समोर खडकांची रांग आणि त्या खडकांवर फुटणाऱ्या लाटा. माझं लाटांवरचं शिक्षण तिथलं.

पहिली पायरी: आपल्या लाटा ओळखा

समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जात असेल, तर तो किनाऱ्याला समांतर आहे. तिरका गालावर येत असेल, तर तो किनाऱ्याकडे ढकलणारा आहे. मागून, खांद्यावरून येत असेल, तर तो समुद्राकडे नेणारा आहे, आणि नवशिक्याने त्या दिवशी पाण्यात उतरू नये. डोलकाठी मोडली किंवा वारा पडला तर तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूरच नेईल.

समांतर वाऱ्यात लाटेची भिंत स्वच्छ उभी राहते. उतारावरून खाली येताना लाट स्वतःच वेग देते, शिडाचं काम थोडंच उरतं. किनाऱ्याकडे ढकलणाऱ्या वाऱ्यात लाटा चुरगळलेल्या, फेसाळ असतात. लाटेवरून खाली वळलं की तुम्ही वाऱ्याच्या दिशेनेच पळू लागता, शीड रिकामं होतं आणि वेग जातो. अशा ठिकाणी बोर्डाने स्वतःचा वेग टिकवून धरावा लागतो.

आपण व्हिडिओ बघतो ते बहुतेक हवाईतल्या माउई बेटावरच्या होओकिपाचे. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा एकत्र भेटतात. त्या पाण्यासाठी घडवलेला बोर्ड तुमच्या पाण्यात तसा चालेल असं धरून चालू नका. वर्षातले बहुतेक दिवस ज्या लाटांत जाणार, त्यांच्यासाठीच बोर्ड घ्या.

दुसरी पायरी: लिटरचा हिशेब

बोर्ड जेवढ्या लिटरचा, तेवढे किलो तो गोड्या पाण्यात तरंगवतो. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं, म्हणून तिथे थोडं जास्त. आता बेरीज करा. समजा तुम्ही ७५ किलोचे. बोर्ड, फिन (बुडाखालचे पंख) आणि पायपट्टे मिळून ८. शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून आणखी ८. ओला वेटसूट आणि हार्नेस ४. झाले ९५. म्हणजे ९३ लिटरचा बोर्ड समुद्रात तुम्हाला जेमतेम पाण्याच्या पातळीला धरून ठेवतो. त्याहून लहान बोर्ड वारा पडला की पायाखाली बुडतो, आणि शीड ओढून उभं राहायची सोय संपते.

पहिल्या वेव्ह बोर्डासाठी आपल्या अंगाच्या वजनात १५ ते २० मिळवा, तेवढे लिटर घ्या. मुरलेले लोक वजनाइतक्याच लिटरवर जातात, कारण त्यांचा वॉटरस्टार्ट पक्का असतो आणि वारा भरपूर असेल तेव्हाच ते उतरतात. दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वजनापेक्षा ३० लिटर मोठा बोर्ड २५ नॉटमध्ये उशीसारखा उड्या मारतो आणि त्याची कड लाटेत दाबायला तुमचं वजन पुरत नाही.

तिसरी पायरी: रॉकर, म्हणजे बुडाचा बाक

इथे थोडं थांबू या. माझ्या मते वेव्ह बोर्डाचा निम्मा स्वभाव इथेच ठरतो.

तळ्यात चपटी खापरी तिरकी फेकली की ती टप्पे घेत जाते. तोच जोर लावून गोलसर दगड फेकला तर तो बुडतो. वेगात असलेला बोर्ड त्या खापरीसारखा पाण्याच्या वर उठून घसरतो. त्याला प्लेनिंग म्हणतात, आणि त्यासाठी पायाखाली सपाट बूड लागतं. बुडाला शेपटीकडे बाक दिला की पाणी त्या बाकाला चिकटून वर वळतं आणि शेपटीला खाली खेचतं. बोर्ड नाक वर करून ओढत राहतो. उठायला उशीर लागतो, जोराचा वारा लागतो.

मग बाक ठेवायचा कशाला? कारण लाट सपाट नसते. तिची भिंत आतून वाटीसारखी वळलेली असते. सपाट बोर्ड त्या वाटीत फळीसारखा आडवा अडकतो, उतरताना नाक पाण्यात घुसतं. बाक असलेला बोर्ड वाटीत नीट बसतो. शिवाय बोर्ड कडेवर कलला की बुडाचा बाक आणि कडेची गोलाई मिळून वळणाचा कंस ठरतो. बाक जास्त असेल तर वळण छोटं होतं.

माझा पहिला वेव्ह बोर्ड वापरलेला होता. 'खऱ्या लाटांचा बोर्ड आहे' एवढं ऐकलं, लिटर जुळवले आणि घेतला. एक अख्खा उन्हाळा लँसेलिनला तो पायाखाली ओढत राहिला. माझ्याच वजनाची माणसं माझ्याच मापाचं शीड घेऊन शेजारून सुटायची. मी शीड बदललं, फिन बदलली, पायांची जागा बदलली. सीझन संपता संपता एका जाणत्या मित्राने बोर्ड वाळूवर उलटा केला, फिन काढल्या आणि गाडीतून मीटरभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली. ती बुडाच्या मधल्या रेषेवर शेपटीकडे ठेवली आणि म्हणाला, "आता बोट घाल." शेपटीच्या टोकाशी पट्टी आणि बूड यांच्यामधून माझी करंगळी सहज आत गेली. मग त्याच्या बोर्डावर तीच पट्टी ठेवली. त्याच जागी दोन-तीन पोस्टकार्डं सरकतील एवढीच फट होती. उन्हाळाभर जे पायाला जाणवत होतं ते तेव्हा डोळ्यांना दिसलं.

तुम्हीही हेच करा. पट्टी सरळ हवी, लाकडी वाकलेली चालत नाही. बुडावर ती पुढे-मागे सरकवा आणि कुठून कुठपर्यंत चिकटून बसते ते बघा. तो सपाट भाग लांब असेल आणि मागच्या पायपट्ट्याखालपर्यंत जात असेल, तर बोर्ड लवकर उठणारा, वेगाचा. सपाटी आखूड असेल आणि दोन्हीकडे फट लगेच उघडत असेल, तर बोर्ड लाटेवर वळण्यासाठी घडवलेला. किनाऱ्याकडे ढकलणारा वारा असलेल्या जागी पहिला प्रकार घ्या. समांतर वारा आणि उंच लाटा रोज मिळत असतील तरच दुसरा.

नाकाकडचा बाकही बघा. नाक पुरेसं वर उचललेलं नसेल तर उभ्या लाटेवरून उतरताना किंवा उडी मारून खाली येताना ते रुततं. नवशिक्याला थोडं जास्त उचललेलं नाक फायद्याचंच पडतं.

चौथी पायरी: कड अंगठ्याने वाचा

बोर्डाच्या कडेला रेल म्हणतात. ती समजण्यासाठी स्वयंपाकघरात जा. पातेल्यातून कपात चहा ओतताना पातेल्याचा काठ गोल वळलेला असेल, तर चहा काठाला चिकटून खाली ओघळतो, आणि हळू ओतलात तर जास्तच. काठाला धार किंवा चोच असेल तर तो सरळ कपात पडतो. पाणी गोल पृष्ठभागाला धरून राहतं आणि धारेपाशी सुटतं. रेलचं सगळं शास्त्र या चहात आहे.

बोर्डाच्या पुढच्या आणि मधल्या भागात रेल गोल असते. वळताना लाटेचं पाणी तिच्याभोवती लपेटतं, तिला आत ओढून धरतं, म्हणून बोर्ड लाटेवरून निसटत नाही. मागे, फिनच्या आसपास, रेलच्या खालच्या बाजूला धार असते. तिथे पाणी चटकन सुटतं, बोर्ड मोकळा होतो, वेग मिळतो.

आता अंगठा नाकापासून रेलच्या खालच्या अंगाने मागे फिरवत आणा. गोल पोटाची धार नेमकी कुठे होते ते शोधा. धार मागच्या पट्ट्याच्या आसपास सुरू होत असेल तर बोर्ड मऊ आहे, चुका पोटात घालणारा आहे. ती बरीच पुढे, पुढच्या पट्ट्यांपर्यंत आली असेल तर बोर्ड वेगाचा आहे, पण खवळलेल्या पाण्यात कड अचानक अडकते. मग रेल चिमटीत धरून जाडी बघा. जाड रेल तरंगते, वारा कमी असताना आधार देते, पण लाटेत दाबायला ताकद लागते. पातळ रेल सुरीसारखी आत जाते, फक्त त्यासाठी अंगात वेग असावा लागतो. ६० किलोच्या माणसाने ९० किलोच्या मित्राचा बोर्ड घेतला की तो वळत नाही, याचं मोठं कारण ही जाडीच असते.

बुडाचा आडवा आकार त्याच पट्टीने तपासा. पट्टी आडवी ठेवा. ती सी-सॉसारखी डुगडुगली तर मध्ये उंचवटा आहे, त्याला व्ही म्हणतात. व्हीमुळे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं सोपं होतं आणि लहान लाटांचे धक्के कमी लागतात. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे खोलगट आहे. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन फटी दिसल्या तर ते दुहेरी खोलगट बूड, जे बऱ्याच वेव्ह बोर्डांवर व्हीच्या जोडीने असतं. याचा फार विचार करू नका. पहिल्या वर्षी रॉकर आणि रेल जाणवतात, हे पुढे हळूहळू कळतं.

पाचवी पायरी: लांबी, रुंदी, शेपूट

मूळ विंडसर्फर १२ फुटांचा होता आणि त्याला पायपट्टे नव्हते. हवाईत ओआहू बेटावरच्या कायलुआला लोक ७०च्या दशकात तो लाटांवर नेऊ लागले तेव्हा उडीत पाय सुटायचे, म्हणून पट्टे आले, आणि लाटेच्या वाटीत मावावा म्हणून बोर्ड आखूड होत गेला. १९७६ साली, वयाच्या १३व्या वर्षी जगज्जेता झालेला रॉबी नॅश याच कायलुआच्या पाण्यात वाढला. आजचे वेव्ह बोर्ड साधारण २१५ ते २४० सेंमी लांब आणि मध्ये ५३ ते ६२ सेंमी रुंद असतात.

बाह्यरेषा बघायला बोर्ड जमिनीवर ठेवा आणि नाकाच्या बाजूने उभे राहा. कडा समांतर, सरळसोट असतील तर वळण लांब आणि वेगवान. पोट सुटल्यासारखी गोलाई असेल तर वळण छोटं. सगळ्यात रुंद जागा पुढे असेल तर बोर्ड पुढच्या पायाने चालवायचा असतो, मागे सरकलेली असेल तर मागच्या पायावर फिरतो.

शेपटीच्या टोकापासून ३० सेंमी पुढे रुंदी मोजून ठेवा, दोन बोर्डांची तुलना करायला हे माप फार उपयोगी पडतं. रुंद, चौकोनी शेपूट लवकर उचलते आणि छोट्या लाटेवर पटकन फिरते, पण जोराच्या वाऱ्यात उसळते. निमुळती शेपूट पाण्यात खोल बसते आणि मोठ्या, वेगवान लाटेवर पकड देते. माशासारखी दुभंगलेली शेपूट या दोन्हींच्या मधली: रुंदी टिकते, आणि कललं की आतल्या बाजूचं टोक पकड देतं. लँसेलिनसारख्या ठिकाणी मी नवशिक्याला मध्यम रुंदीची, गोलसर चौकोनी शेपूट सुचवतो.

सहावी पायरी: फिन

इथे चूक झाली तरी दुरुस्त होते, कारण फिन बदलता येतात. एक मोठी फिन, साधारण १९ ते २३ सेंमी, वाऱ्याच्या विरुद्ध चढायला आणि लवकर उठायला चांगली, पण वळण लांबट. दोन फिनचे बोर्ड २००० नंतरच्या दशकात पुन्हा रुळले, त्यात ब्राझीलच्या काउली सेआदी या विंडसर्फरचा मोठा वाटा आहे. फिन आखूड असतात, बोर्ड कलला की आतली खोल जाते आणि बाहेरची वर येते, म्हणून बोर्ड सैल, चपळ वाटतो. तीन फिनमध्ये मधली मोठी आणि बाजूच्या दोन लहान: वेग आणि पकड दोन्ही बऱ्यापैकी. चार फिन पकड आणखी वाढवतात.

पहिला बोर्ड तीन फिनची सोय असलेला घ्या. बाजूच्या काढून, त्यांच्या खाचा बुजवून, मध्ये मोठी लावली की सपाट पाण्यावरही काम भागतं. आमच्या किनाऱ्यावर समुद्री गवत खूप वाहून येतं. ते फिनला अडकलं की बोर्ड अचानक थांबतो आणि माणूस शिडावर जाऊन आदळतो. तुमच्याकडेही गवत असेल तर मागे झुकलेली फिन जवळ ठेवा.

सातवी पायरी: जुना बोर्ड तपासताना

वेव्ह बोर्डाचं आतलं अंग थर्माकोलसारख्या हलक्या फोमचं असतं, वर टणक फोम, काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सीचे थर. उड्यांमुळे टाचांखालचा भाग आधी दमतो. तिथे बोटांच्या पेरांनी टकटक करत जा. टणक आवाज एकदम भदभद झाला तर आतले थर सुटलेत. अंगठ्याने दाबल्यावर दबत असेल तर तो बोर्ड परत करा. नाकावर डोलकाठी आपटून पडलेल्या भेगा शोधा, आणि बोर्ड वजनकाट्यावर ठेवा. ७-८ किलोचा असायला हवा तो ९ च्या पुढे गेला असेल तर आत पाणी शिरलं असण्याची शक्यता दाट.

हवेचा लहानसा स्क्रूही बघा. आतली हवा तापून फुगते. बऱ्याच नव्या बोर्डांत तिला आपोआप वाट असते, जुन्यांत स्क्रू हाताने सैल करावा लागतो. असा बोर्ड स्क्रू बंद ठेवून उन्हात तापलेल्या गाडीत सोडला तर थर सुटतात. पाण्यात जाण्याआधी तोच स्क्रू आवळायला विसरू नका.

आठवी पायरी: पहिला दिवस

मास्टबेस, म्हणजे डोलकाठी बोर्डाला जोडणारा भाग, त्याच्या सरकत्या खाचेच्या, म्हणजे ट्रॅकच्या, मध्यावर ठेवा, फिन खाचेच्या मध्यावर, आणि पट्टे एवढे मोकळे की पायाचा मधला भाग आत जाईल, घोटा अडकणार नाही. पहिला दिवस लहान लाटांचा निवडा. अर्धा तास काही न बदलता फिरा.

वाऱ्याच्या झोतात नाक उडत असेल तर मास्टबेस १ सेंमी पुढे घ्या. बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा, जड वाटत असेल तर तेवढाच मागे. लाटेवर वळायला नको म्हणत असेल तर फिन अर्धा सेंमी पुढे सरकवा, शेपूट मोकळी होईल. वेगात मागचा भाग बाजूला निसटत असेल तर फिन मागे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. वाळूवर परत आलात की, विसरायच्या आत, ट्रॅकच्या कडेला पेन्सिलने खूण करा आणि शेजारी त्या दिवसाचा वारा आणि शिडाचं माप लिहून ठेवा.